नानांची दाढ

नानांची रीत पाळायची तर जखम आधी दाखवायला हवी. म्हणून आधी माझी दाखवतो. मी खडी क्रशरवाला आहे. एरंडोलच्या अलीकडे माझी खाण आहे. सुरुंग लावून काळा दगड उडवायचा, क्रशरमध्ये दळायचा आणि त्याच्या रस्त्यावरून लोकांनी सुसाट जायचं, यात माझी निम्मी जिंदगी गेली. खाणीच्या जागी पूर्वी टेकडी होती. आता खड्डा आहे. हे मला कोणी विचारत नाही, तरी मी सांगतो. सांगून टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही, असा माझा स्वभाव आहे. नाना म्हणायचे, "तू दूधवाल्याचीसुद्धा माफी मागतोस. दूध त्याने पातळ घातलेलं असतं, आणि वरून माफी तुझी!"

नाना धुळ्याला दातांचे डॉक्टर होते. जुन्या आग्रा रोडच्या एका बोळात त्यांचा दवाखाना. माझी दाढ असह्य ठणकायला लागली, तेव्हा कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं आणि वर बजावलं, "माणूस जरा तऱ्हेवाईक आहे, पण हात हलका आहे."

खुर्चीत बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. म्हणाले, "उजवा हात पुढे कर. तळवा वर."

मला वाटलं, नाडी बघतात. त्यांनी एका खणातून काहीतरी उचललं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. "घट्ट धरलंस तर मोडेल. सैल धरलंस तर पडेल. आता तोंड उघड."

तळव्यावर एक हिरवट, पारदर्शक स्फटिक होता. बोराएवढा. चार बाजू गुळगुळीत आणि वर टोक, जणू कोणी पाण्याला पैलू पाडून दिले होते. मी हात हलवायला घाबरत होतो. खिडकीतून ऊन येत होतं, ते त्या स्फटिकात शिरत होतं आणि माझ्या हाताच्या रेषांवर हिरवं होऊन पडत होतं. माझ्या तोंडात काय चाललं होतं, याकडे माझं लक्षच नव्हतं. माझा सगळा जीव त्या तळव्यात गोळा झाला होता.

"थुंक," नाना म्हणाले. दाढ बशीत पडली होती.

त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट असाच हातात काहीतरी धरून बसायचा. रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. इंजेक्शन तेही देत, पण म्हणत, "सुई फक्त हिरडीला गुंगवते. माणसाला गुंगवायला दुसरं काहीतरी लागतं."

तोंडात कापसाचा बोळा धरून मी विचारलं, "हे काय आहे?"

"अपोफिलाइट."

"परदेशातलं का?"

"जळगावच्या एका खाणीतलं. तू काय करतोस?"

मी सांगितलं. नाना हात धुता धुता थांबले. माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, "मग तुलाच विचारायला हवं. आतापर्यंत असे किती दळलेस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दात कधीपासून दुखतोय, असं विचारतात ना, तसं विचारलं होतं. पण मला ते असं लागलं की मी तिथल्या तिथे माफी मागितली. तोंडात बोळा असल्यामुळे ती नीट उमटलीही नाही.

"माझी कशाला मागतोस?" ते म्हणाले. "गुरुवारी दवाखाना बंद असतो. खाणीवर येतो. चहा सांगून ठेव."

तेव्हापासून त्यांचे गुरुवार माझ्या खाणीवर जाऊ लागले. स्कूटरवर पुढे एक पोतं आणि मागे दवाखान्याची पिशवी. पोत्यात तुरीचं टरफल असायचं. जळगावच्या डाळ मिलमध्ये त्यांची ओळख होती, तिथून ते आणत. लोक स्फटिक थर्माकोलमध्ये बांधतात. नाना टरफलात पुरत. "गुरं खातात ते याला लागत नाही," हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या घरात बायको लवकर गेल्यापासून ते आणि मुलगी, दोघंच, तिसरं टरफल. गादीवर टरफल, चहात टरफल. एकदा मी तिथे जेवलो तर कढीत निघालं. मुलीने वाटी बदलून दिली आणि म्हणाली, "दगडाचं काही झालं असतं तर बाबांनी धावपळ केली असती."

तिला बघायला पाहुणे आले, तो प्रसंग तिनेच मला सांगितला. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलीबद्दल तुम्ही काही सांगा." नाना म्हणाले, "तापट आहे. भात चिकट करते. आणि खालची उजवी दाढ मीच भरलेली आहे, पुढेमागे त्रास देईल." पोहे करायला आलेल्या तिच्या मामींनी आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला म्हणे. मग मुलाचा बाप एवढा हसला की चहा सांडला. लग्न तिथेच ठरलं. नंतर तो व्याही सांगायचा, "ज्याने दाढ सांगितली तो दुसरं काय लपवणार?"

जखम आधी, हे त्यांचं ब्रीदच होतं. घरी स्फटिक बघायला कोणी आलं की ते टरफलातून तो काढत, फुंकर मारत, आणि देखणी बाजू स्वतःकडे ठेवून तुटकी बाजू पाहुण्याकडे करत. तिथे कडा उडालेली असे, किंवा छिन्नीचा पांढरा घाव असे. माणसाने तो नीट बघितला की मगच दगड हळूच फिरवायचा. आणि फिरवला की समोरच्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो मी अनेकदा ऐकलाय. पीच रंगाच्या स्टिलबाइटच्या पेंढ्या, मधोमध आवळून बांधल्यासारख्या. बर्फाच्या तुकड्यांवर चढलेली हिरवी टोकं. काळ्या दगडाच्या पोटात हे असतं, यावर विश्वास बसत नसे. मी तर रोज त्याच दगडात उभा असायचो.

जळगावचे एक सराफ आले होते. दुकानाच्या काचेत ठेवायला त्यांना एक मोठा नग हवा होता. नानांनी नेहमीप्रमाणे घाव पुढे केला.

"नाना, बाजू फिरवा ना."

"आधी ही बघा."

"बघितली हो. आमच्या धंद्यात डाग खालच्या बाजूला बसवतात."

"म्हणून तुमच्याकडे कोणी दात दाखवायला येत नाही," नाना म्हणाले.

सराफ हसत उठले, पण नग घेतला नाही. नानांनीही तो शांतपणे परत टरफलात पुरला. त्यांना विकायचा नव्हताच, असा मला संशय आहे.

एकदा मी विचारलं, "नाना, तुमच्याकडे न तुटलेला एकही नाही?"

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लाव्हा थंड होताना एक बुडबुडा राहतो. त्यात पाणी झिरपतं, आणि माणूस नावाचा प्राणी जन्माला यायच्या आधीपासून हे तिथे अंधारात वाढत असतं. कोणासाठी नाही, असंच. मग तू सुरुंग लावतोस, आणि मी छिन्नी घेऊन येतो. मुळातून तोडल्याशिवाय ते हातात येतच नाही. पूर्ण म्हणजे कोणीही न तोडलेलं. ते माझ्याकडे कसं असेल? माझ्याकडे आलं म्हणजे तुटलंच."

"मग माझाच दोष."

"झालं तुझं सुरू! अरे, तू फोडलं नसतंस तर मला दिसलं नसतं. पण म्हणून काही मी तुझे आभार मानणार नाही." चहाचा घोट घेऊन मग म्हणाले, "एकदा मात्र बघायचंय. पूर्ण. नुसतं बघायचंय."

आता आप्पाबद्दल सांगायला हवं. आप्पा माझ्याकडे ड्रिलवर होता. सुरुंगासाठी दगडात होल मारायचं काम त्याचं. माझ्या वडिलांच्या वेळचा माणूस, पारोळ्याकडचा, बोलणं अहिराणी. मशीनच्या आवाजाने एक कान गेलेला, पण दुसऱ्या कानाने त्याला दगड ऐकू यायचा. एका गुरुवारी हायवेच्या कामासाठी खडीची घाई चालली होती. आप्पा वरच्या बाजूने होल मारत होता, आणि मशीन एकदम थांबलं.

"भाऊ," त्याने वरून हाक मारली. "आवाज बदलना. आतमा पोकळ शे."

आम्ही खाली भिंतीपाशी गेलो. आधीच्या सुरुंगाने तिथला पापुद्रा निघाला होता, आणि नारळ जाईल एवढं तोंड उघडं पडलं होतं. आत काळोख. त्या काळोखात माझ्या मोबाइलचा उजेड गेला आणि काहीतरी पांढरं लखलखलं.

"मागे हो," नाना म्हणाले. असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी चढवला नव्हता. "श्वाससुद्धा लागू देऊ नकोस."

त्यांनी पिशवीतून दात बघायचा आरसा काढला, लांब दांडीचा, रुपयाएवढा. तो आत सरकवला आणि पोकळीच्या तोंडाशी गाल टेकवून डोळा लावला. पेशंटला बघताना बसत तसेच, एक खांदा वर करून. माणसाच्या दातातली पोकळी बुजवायची आणि डोंगरातली उघडायची, यात आपला जन्म गेला, असं ते चेष्टेने म्हणत. त्या दिवशी चेष्टा नव्हती. त्यांच्या मानेची शीर हलताना मला दिसत होती. क्रशर बंद करायला मी केव्हा सांगितलं आठवत नाही, पण तो बंद होता. खाण एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती.

"काय आहे, नाना?"

"मेसोलाइट." त्यांचा आवाज बसला होता. "केसाहून बारीक सुया. रुईची म्हातारी उडते ना, तशा. सगळी पोकळी भरलीय. मध्ये हिरवे अपोफिलाइट अधांतरी आहेत, त्या सुयांवर टेकलेले. अरे, हे मी पुस्तकातसुद्धा बघितलेलं नाही."

आप्पा वरून खाली उतरून आला होता. टोपी हातात घेऊन तो मागेच उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. "डॉक्टर," तो म्हणाला, "मना रॉड लागना नही ना तेले?"

नानांनी आरसा थोडा फिरवला. पुन्हा बघितलं. मग त्याच डोळ्याने आधी आप्पाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोवर माफी मागायच्या बेतात आलोच असणार. माझा चेहरा ती आधीच मागतो.

"नाही रे, आप्पा," नाना म्हणाले. "चार बोटं बाजूने गेला. पूर्ण आहे. एकही जखम नाही."

आप्पाने टोपी डोक्यावर घातली आणि खाली बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो.

नानांनी पिशवीतला कापूस मागितला. बोळे करून ते एकेक आत घेऊन गेले, हात कोपरापर्यंत आत. मी समजलो, सुयांना धक्का बसू नये म्हणून आधार देत असतील. हात बाहेर आला तेव्हा बोटं पांढरी झाली होती. "प्लास्टर," ते म्हणाले आणि बोटं पँटला पुसली. मग रबराच्या वाटीत दातांच्या साच्याचं प्लास्टर भिजवलं, दगडाचे तुकडे रचून तोंड बुजवलं आणि वरून लिंपलं. अंगठ्याने कडा दाबत दाबत, अगदी दात भरताना दाबत तशा.

"मला एकदा बघू द्या ना," मी म्हणालो.

"तुझ्या श्वासाने ओलसर होतील. नको." मग हात धुताना म्हणाले, "हे काढायचं नाही. काढलं की तुटलं. तुझ्या खाणीत एक गोष्ट पूर्ण राहू दे."

मी ती भिंत सोडली. दोन्ही बाजूंनी खाण पुढे सरकली, आणि मधोमध काळ्या दगडाचा एक सुळका उभा राहिला. ट्रकना त्याला वळसा घालून जावं लागे. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. हायवेचे इंजिनियर विचारायचे, "हे काय ठेवलंय?" आप्पाच उत्तर द्यायचा, "ती नानानी दाढ शे. तिले हात लावाना नही." पुढे सगळे तेच नाव घेऊ लागले. गाडी कुठे लावू, तर नानांच्या दाढेपाशी. डबा कुठे खायचा, तर दाढेच्या सावलीत.

मला त्या दाढेने काय दिलं, हे मी नानांना कधी सांगितलं नाही. एवढंच न सांगितलेलं राहिलं. प्रत्येक सुरुंगाच्या वेळी मी तिकडे बघायचो. धूळ उडायची, खाली बसायची, आणि ती उभी असायची. आपल्या हातून एक गोष्ट पूर्ण राहिली आहे, असं मनाशी म्हणायचो. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं झोपलो.

नाना गेले ते अगदी साधेपणाने, दुपारच्या झोपेत. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. सगळा संग्रह जळगावच्या एका कॉलेजला द्यायचं तिने ठरवलं होतं. "भाऊ, बाबांचे सगळे नग जखमी आहेत," ती म्हणाली. "एकच पूर्ण, तुमच्याकडचा. तो मध्यभागी ठेवायचाय. काढता येईल का बघता?"

माझ्या खाणीचा भाडेपट्टाही याच वर्षी संपतोय. त्यानंतर तिथे पाणी साठेल, दाढ बुडेल. मी बघतो म्हणालो. तिने नानांचा आरसा पाठवून दिला. टरफलात बांधून.

सकाळच्या उन्हात आम्ही गेलो, मी आणि आप्पा. आप्पा आता थकला आहे, ड्रिल सोडून क्रशरच्या गेटवर बसतो. प्लास्टर फोडायचं कामही त्याने मलाच दिलं. "मना हात थरथर करस, भाऊ. तुम्हीच करा." कडेला नानांच्या अंगठ्याचे ठसे होते. मी ते वाचवून मधलं तेवढं काढलं, तुकडे बाजूला रचले, तोंडाला रुमाल बांधला आणि आरसा आत घातला.

आधी वरचा भाग दिसला. पोकळीच्या छतात एक गोल भोक होतं, आप्पाच्या रॉडच्या मापाचं. त्यात कापसाचे बोळे ठासून भरलेले होते. वरून पाणी येऊ नये, धूळ येऊ नये म्हणून. त्या भोकाच्या खाली, जिथून रॉड आरपार गेला होता, तिथे सुयांचा पांढरा चुरा पडला होता. अर्धी पोकळी चुराच होती. नानांच्या बोटांना काय लागलं होतं ते मला तिथे, दगडाला गाल टेकवून उभा असताना कळलं. प्लास्टर तर तेव्हा भिजवलंही नव्हतं.

पोटच्या पोरीची किडकी दाढ पाहुण्यांना सांगणारा माणूस. आयुष्यात एकदा त्याला हवं ते दिसलं होतं, आणि ते अर्धं मोडलेलं होतं, आणि त्याने ते पोटात घातलं. आमच्या दोघांची तोंडं बघून.

मी आरसा फिरवला. दुसऱ्या बाजूला उरलेली अर्धी होती. काय सांगू? श्वास नाही, वारा नाही, तरी त्या सुया आत्ताच थरथरून थांबल्यासारख्या उभ्या होत्या. हजारो. त्यांच्यावर हिरवे स्फटिक टेकले होते, माझ्या तळव्यावर पहिल्या दिवशी ठेवला होता तसे, पण यांना कोणी तळवा दिला नव्हता. आरशावरून ऊन आत गेलं आणि सगळी पोकळी हिरवट उजळली. चुरासुद्धा. मी किती वेळ बघत होतो ते ठाऊक नाही. जखम आधी बघितली होती, नानांच्या रीतीने. मग बाजू फिरली होती. माझ्या तोंडून तोच आवाज निघाला.

त्यांच्या मुलीला मी नंतर कळवलं की तो नग निघणार नाही, हात लावला तर मोडेल. ते खरंच होतं. कॉलेजात मध्यभागी काय ठेवायचं म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, "ताई, टरफल ठेवा." ती हसली, आणि मग रडली.

पण हे नंतर. तेव्हा मी आरसा बाहेर काढला, तर आप्पा मागे उभा होता. टोपी हातात. एवढी वर्षं त्याने नानांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तरी तोच प्रश्न घेऊन तो उभा होता.

"भाऊ," तो म्हणाला, "मना रॉड लागना नही ना तेले?"

सांगून टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही. शब्द जिभेवर आलेच होते. मी त्याच्याकडे बघितलं. मग बोटं पँटला पुसली.

"नही, आप्पा. बठ्ठं धड शे."

आप्पाने टोपी डोक्यावर घातली. "मी तं म्हनतच व्हतू," असं म्हणून तो वाकला आणि प्लास्टर भिजवायला पाणी आणायला गेला.